उचलणाऱ्याचा खांदा

आमच्या परड्यात देशी बदामाचं एक झाड आहे. माघ लागला की त्याची वीत-वीतभर पानं तांबडी व्हायला लागतात आणि पुढचे पंधरा-वीस दिवस ते झाड नुसती पानं टाकत राहतं. सकाळी सगळं लख्ख झाडून चहाला आत यावं आणि कप धुऊन परत बाहेर बघावं, तर खाली तेवढीच तांबडी पथारी. ती पानं वाजतात. मांजर चाललं तरी स्वयंपाकघरात कळतं. बदाम संपतो न संपतो तोवर आंबा जुना पाला टाकतो, मग शेवगा, आणि बाराही महिने दोन माडांच्या झावळ्या. माड महिन्याला साधारण एक झावळी सोडतो. दोन माडांच्या वर्षाला चोवीस-पंचवीस झावळ्या होतात, आणि एकेक झावळी दोन माणसांच्या लांबीची.

कोल्हापुरातल्या सानेगुरुजी वसाहतीतलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला उसाची शेतं होती. जागा चार गुंठे. घर लहान बांधलं आणि झाडांना जागा ठेवली. फाटकावर बोगनवेल चढवली ती सासूबाईंनी. पारिजातक, जास्वंद, कढीपत्ता, एक पेरू, पुढं हिरवळीचा तुकडा. झाडं लावणाऱ्यांनी सावलीचा विचार केला, फुलांचा केला, आंब्याच्या लोणच्याचासुद्धा केला. पाल्याचं काय करायचं हे त्यांनी मागं राहणाऱ्यांवर सोडलं, आणि मागं राहिलेली मी.

पूर्वी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कोंडाळा होता. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कचराकुंडीला आम्ही कोंडाळा म्हणतो. परड्यातला सगळा पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या, उपटलेलं गवत, पोत्यात कोंबून त्या कोंडाळ्यात नेऊन टाकलं की काम संपलं असं आम्हाला वाटायचं. फांद्या कोंडाळ्याबाहेर लोंबायच्या, गाई त्यातला जास्वंदीचा पाला ओढून काढायच्या, पावसात सगळं रस्त्यावर पसरायचं. कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही वाटत नव्हतं. मग हळूहळू कोंडाळे उठले आणि कचरा उठावासाठी टिप्पर दारात यायला लागला. लोकांनी याकडे सोय म्हणून बघितलं आणि ती सोय आहेच. पण माझ्या लेखी त्यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. कोंडाळ्याला हात नसतात. टिप्पर आल्यापासून आपला कचरा आपण पहिल्यांदाच एका माणसाच्या हातात देऊ लागलो.

ते मला कळलं एका काट्यामुळं.

बोगनवेल पावसाआधी जोरात छाटावी लागते, नाहीतर जुलैच्या वाऱ्यात तिचा भार फाटकाला ओढतो. त्या वर्षी मी छाटणी केली, फांद्यांचे तुकडे करून खताच्या रिकाम्या पोत्यात दाबून भरले, वरून पेरूचा पाला टाकला आणि पोतं सकाळी दारात ठेवलं. टिप्परवरच्या ताईंनी पोतं उचलताना खालून हात घातला. मी व्हरांड्यात होते. त्या ओरडल्या नाहीत. पोतं खाली ठेवलं आणि तळहात उलटा करून बघत राहिल्या.

"वैनी, ह्यात काटं हाईत व्हय? सांगायचं तरी."

एवढंच बोलल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी त्यांना पायरीवर बसवलं, सुई आणली, चष्मा लावला. अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत भाग असतो ना, तिथं एक काळा ठिपका होता आणि भोवती कातडी तणावली होती. हातात मोजे होते, पण कापडी, आणि काटा ते मोजे भेदून आत जाऊन मोडला होता. त्यांचा तळहात मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितला. बोटांच्या पेरांवर जुने पांढरे वण होते, एक तर्जनीवर तिरका, काचेचा असणार. सुईनं कातडी उकलून काटा बाहेर काढायला दहा मिनिटं लागली. टिप्परचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला. काटा निघाला तो अर्ध्या इंचापेक्षा लांब होता, टोकाशी जरा वाकलेला. मी हळद लावायला गेले तर त्या म्हणाल्या, "राहू द्या वैनी, अजून दोन गल्ल्या हाईत." पुढचे तीन दिवस त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या हाताला चिंधी गुंडाळून.

मला त्या तीन दिवसांत आबांची फार आठवण आली.

माझं माहेर भोगावतीकाठचं. घरचा ऊस. तोडणीच्या दिवसांत आबा मला फडात घेऊन जायचे आणि बांधावर बसवायचे. ऊसतोड करणाऱ्या बायका मोळी कशी बांधतात ते मी तासन्‌तास बघत बसायची. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याची, चार पानं एकत्र घ्यायची, पीळ द्यायचा, शेंडे एकमेकांत गुंतवून बंद लांब करायचा. तो मोळीखालून सारायचा, गुडघा मोळीवर रोवायचा, दोन्ही टोकं आवळून परत पीळ आणि उरलेलं टोक बंदाखाली खुपसायचं. गाठ मारायचीच नाही. मोळी डोक्यावरून ट्रकपर्यंत जायची, फळीवरून वर चढायची, एक ऊस निसटायचा नाही. दरवर्षी कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो, फोटो छापून येतात, ते बघताना मला अजून त्या गुडघ्याचीच आठवण येते. एकदा मी हट्टानं मोळी बांधायला घेतली आणि भरपूर ऊस घातले. आबा म्हणाले, "तुझ्या हातात मावतंय तेवढं घालू नगंस. उचलणाऱ्याचा खांदा बघून मोळी बांधायची." त्यांनी तिसरा हिस्सा ऊस काढून बाजूला ठेवले.

उसाच्या घरातली मुलगी मी, आणि बोगनवेलीच्या फांद्या पोत्यात कोंबून दिल्या. ज्या शब्दांत मी वाढले ते मोळी, भारा, पेंढी, जुडी, कवळा हे सगळे शब्द म्हणजे उचलणाऱ्याच्या मापानं केलेली मोजणी आहे. सरपणाची मोळी, गवताचा भारा, कडब्याची पेंढी. प्रत्येकाचं वजन आणि जाडी माणसाच्या कवेवरून ठरलेली. शहरात आल्यावर आमच्या हातात प्लॅस्टिकचं पोतं आलं आणि पोत्यात मावेल तेवढं ते माप झालं.

तेव्हापासून परड्यातला कचरा द्यायची माझी एक रीत बसली आहे. ती जरा सविस्तर सांगते, कारण विचारणारे बरेच असतात आणि रस्त्यात उभं राहून सगळं सांगता येत नाही.

पहिली गोष्ट, फांद्या आणि पाला कधी एकत्र ठेवत नाही. फांद्या पोत्यात जात नाहीत, त्यांची मोळी होते. कोयत्याच्या मुठीपासून टोकापर्यंत अडीच वेळा मोजलं की साधारण तीन-साडेतीन फूट होतात. त्या मापाची एक काठी मी करून ठेवली आहे आणि सगळ्या फांद्या त्या काठीला लावून तोडते. जाड टोकं सगळी एका बाजूला. मोळीची जाडी माझ्या दोन हातांच्या कवेत सैल बसेल एवढी. बांधायला सुतळी किंवा काथ्या, तोही दोन ठिकाणी, एक बुडख्याकडं आणि एक शेंड्याकडं. तार वापरत नाही, नायलॉनची दोरी वापरत नाही. फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रात सुतळी लाकडाबरोबर चिरडून जाते, पण तार पात्याला लागली की पातं जातं आणि नायलॉन फिरत्या दांड्याभोवती गुंडाळून यंत्र थांबवतो. यंत्र थांबलं की त्यात हात घालणारा परत कुणीतरी माणूसच असतो.

काटेरी फांद्यांची मोळी वेगळी. बोगनवेल, लिंबू, गुलाब, बाभळीचं रोप उगवलं असेल तर तेही. या मोळीला मी वरून जुन्या गोणपाटाचा पट्टा गुंडाळते, म्हणजे धरायला जागा राहते, आणि लाल चिंधी बांधते. लाल चिंधीची कल्पना ताईंची. "लांबनं कळतंय," म्हणाल्या. आता आमच्या गल्लीत अजून चार घरांतून लाल चिंधीची मोळी बाहेर येते.

झावळी हा स्वतंत्र विषय आहे आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार. पडलेली झावळी लोक तशीच ओढत नेऊन भिंतीला उभी करतात. तिचा बुडखा ओला असताना दगडासारखा जड असतो आणि त्याच्या कडा हाताला कापतात. बुडख्याकडचा दोन फुटांचा भाग कोयत्यानं आधी वेगळा करावा. तो वाळवला की चुलीला, बंबाला उत्तम जळण होतं. आमच्या गल्लीत अजून दोन घरांत पाण्याचा बंब आहे, ते मागून नेतात. उरलेल्या दांड्याच्या दोन्ही अंगांची पाती सोलून काढावीत आणि सावलीत बसून एकेका पात्याचा हीर, म्हणजे मधली कडक शीर, काढावा. एका झावळीत शे-दीडशे तरी हीर निघतात. दोन झावळ्यांचा एक चांगला खराटा होतो. बाजारात मिळणाऱ्या खराट्यापेक्षा हा जास्त टिकतो, कारण हीर आपण निवडून घेतलेले असतात. या खराट्यानंच मी बदामाची पानं झाडते. माडाखाली पडलेल्या करवंट्या मात्र उलट्या करून ठेवाव्यात किंवा लगेच द्याव्यात, पाऊस लागला की त्यात डासांची पिल्लावळ होते.

पाला पोत्यात, पण पोतं पाऊणच भरायचं. वरचा पाव भाग म्हणजे पोत्याचा गळा, तो मुठीत आला पाहिजे. सुक्या पानांचं पोतं चार-पाच किलोच्या वर जात नाही. तेच पोतं एका वळवात भिजलं की दुप्पट-तिप्पट जड होतं, म्हणून पोती रात्री उघड्यावर ठेवत नाही. हिरवळीचं कापलेलं गवत ओलं भरलं तर आतल्या आत आंबून चिकट होतं आणि असा वास सुटतो की उघडणाऱ्याला मळमळावं. ते आधी दिवसभर उन्हात पसरून मग भरावं. हराळी, लव्हाळा, कुंदा ही मुळांवर जगणारी जात. ती पत्र्यावर आठवडाभर कडक वाळवल्याशिवाय कुठंच द्यायची नाही, कारण खतातून दुसऱ्याच्या बागेत जाऊन ती पुन्हा उभी राहते. काँग्रेस गवत फुलायच्या आधी उपटायचं, हातात मोजे घालून, अंगावर पुरळ उठतं त्यानं. हे गवत १९५० च्या दशकात पुण्याच्या बाजूला पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि आज करवीर तालुक्यातला एक बांध त्याच्याशिवाय दाखवा.

कुंडीतल्या रोपाची काळी पिशवी, गुटख्याची रिकामी पाकिटं, दुधाच्या पिशवीचा कोपरा, रोपाला बांधलेला रंगीत दोरा. पाला झाडताना हे सगळं त्यात येतंच. दाताळ्यानं पाला पसरून एकदा नजर फिरवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मी देते.

हे नियमात आलेलंच आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेच्या कचऱ्याचं वेगळं कलम होतं. तो आपल्या आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणं द्यायचा. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात, पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. मोठ्या फांद्यांसाठी रोजचा टिप्पर नसतो, वेगळी गाडी लागते. ती आपल्या भागात कधी येते हे विचारून मगच छाटणी काढावी. आणि अख्खं झाड किंवा मोठी फांदी उतरवायची असेल तर आधी परवानगी घ्यावी, १९७५ चा वृक्ष जतनाचा कायदा शहरात खाजगी जागेतल्या झाडालाही लागू आहे.

माझी मावसबहीण अमेरिकेत शिकागोच्या एका उपनगरात असते. मी तिच्याकडं दोन महिने राहिले तेव्हा पानगळीचे दिवस होते. तिथं पाला भरायला माणसाच्या कमरेएवढी उभी तपकिरी कागदाची पोती दुकानात मिळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेला पाला गाडी उचलतच नाही, कारण कागद पाल्याबरोबर कुजतो आणि प्लॅस्टिक हातानं वेगळं करत बसावं लागतं. फांद्यांची मोळी चार फुटांच्या आत, सुतळीनं बांधलेली. प्रत्येक पोत्यावर आणि मोळीवर विकत घेतलेलं तिकीट चिकटवायचं, तेच उचलण्याचे पैसे. इलिनॉय राज्यात १९९० पासून बागेचा कचरा कचराडेपोत पुरायला कायद्यानं बंदी आहे. मी बहिणीच्या नवऱ्याबरोबर अंगणात बसून मोळ्या बांधल्या. त्यांची सुतळीची गाठ सैल पडत होती. मी मोळीवर गुडघा रोवून पीळ दिला तेव्हा शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून बघत होते, आणि मग त्यांनीही तसं करून बघितलं. भोगावतीकाठची मोळी त्या दिवशी तिथल्या रस्त्याच्या कडेला उभी होती.

पुरायला बंदी का, हे कळलं की आपल्या इथलंही कळतं. कचऱ्याच्या ढिगात खोल गाडलेल्या पाल्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय तो कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. कसबा बावड्याच्या झूम या कचराडेपोवरचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी बघितला आहे, उन्हाळ्यात तिथून निघणारा धूर ज्यांच्या घरात गेला आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. माझ्या बदामाचं पान त्या डोंगरात जावं असं मला वाटत नाही. त्याच पानाला परड्याच्या कोपऱ्यात हवा आणि ओल मिळाली तर सहा महिन्यांत त्याची माती होते.

म्हणून आता पाल्याची पोती आमच्या दारातून फारशी बाहेर पडतच नाहीत. कोंबड्यांच्या जाळीचा तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच गोल करून कोपऱ्यात उभा केला आहे, भिंतीपासून हातभर लांब. पहिल्या वर्षी मी त्यात नुसता सुका पाला भरला आणि वाट बघत बसले. आठ महिन्यांनी जाळी उघडली तर पानं तशीच, फक्त मळकट झालेली. भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पाचट कुजवतो तसंच की. नुसतं पाचट कुजतंय व्हय?" एक टन पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याला, आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक, हे त्याचं तोंडपाठ. सुक्या पाल्यात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी थोडं. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बनच्या पंचवीस-तीस भागांमागं एक भाग नत्र लागतं, तेवढं मिळालं नाही की ते उपाशी राहतात. माझी वीस पोती म्हणजे शंभर किलो पाला. त्याला आठशे ग्रॅम युरिया, एक किलो सुपर फॉस्फेट आणि शंभर ग्रॅम संवर्धक असा हिशोब बसला. पुढच्या वर्षी युरिया सोडला आणि शेणकाला धरला, त्यात मूठभर काळा गूळ आणि आंबट ताक. सुक्या पाल्याचा वीतभर थर, त्यावर भाजीचं देठ-सालं आणि हिरवं गवत चार बोटं, वरून शेणकाल्याचा शिडकावा, मग परत पाला.

आंब्याची पानं चामड्यासारखी असतात, त्यांच्यात पाणी मुरत नाही. ती मी आठवडाभर फाटकासमोर पसरते आणि मुलाची गाडी त्यावरून जाऊ देते. चुरा झाला की रात्रभर शेणकाल्यात भिजत घालते. बदामाचं पान त्या मानानं सोपं, ते ओल पकडतं.

चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तेव्हा मी दचकून मागं घेतला. आत अंघोळीच्या पाण्याइतकं कढत होतं. चांगला जमलेला ढीग पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो आणि तेवढी धग काही दिवस टिकली तर गवताचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. सकाळच्या गारव्यात वरून वाफ निघते. ओल बघायची रीतही सोपी आहे, मूठभर घेऊन जोरात पिळायचं. बोटांमधून एक-दोन थेंब आले की बरोबर, धार लागली तर पाला कमी पडला, काहीच आलं नाही तर पाणी मारायचं. दर पंधरा दिवसांनी पलटी. पलटी करायच्या आधी काठीनं ढीग ठोकायचा आणि जरा थांबायचं, पावसाळ्यात त्या उबेला विंचू येतो, कधी धामणही येते. गेल्या वर्षी एक धामण निघाली आणि शांतपणे पेरूखालून पलीकडं गेली.

वीस पोती पाल्याचं अडीच पोती खत झालं. चाळून घेतल्यावर ते कॉफीच्या चुऱ्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसानंतर रानाला येतो तसा त्याला वास येतो. बारा वर्षांनी उकिरड्याचे पांग फिटतात म्हणतात, माझ्या उकिरड्याला पाच महिने पुरले.

आता जाळण्याबद्दल. कोल्हापुरात थंडीच्या सकाळी फिरायला निघालं की दर दोन गल्ल्यांना पाल्याची एक धुनी दिसते. झाडलोट झाली, काडी लावली. त्या धुरातले बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. आमच्या शेजारच्या घरात दम्याचं मूल आहे, त्या घराच्या खिडक्या डिसेंबरभर बंद असतात. २०१६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्याला, साधं जाळणं असेल तर पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात असेल तर पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. दंडाच्या भीतीनं धुनी विझेल असं मला वाटत नाही. पण आगीचं मोल या शहराला नवं शिकवावं लागत नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका विनामूल्य अंत्यसंस्कार करते, शेणी म्हणजे गोवऱ्या रचून. होळीला आमच्याकडं मंडळं आणि घरं होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला दान देतात. आबा शेवटी आमच्याकडंच होते. त्यांनाही त्या दानातल्याच शेणी लागल्या असतील, कुणाच्या घरच्या ते कधी कळणार नाही. त्या वर्षापासून होळीला आम्ही पाच शेणींची होळी करतो आणि बाकीच्या पोहोचवतो. पूर्वी त्याच होळीत मी परड्यातला सगळा पाला रेटून घालायची. आता एक पान घालवत नाही.

सणांचा पाला वेगळा मोजावा लागतो. वटपौर्णिमेच्या वडाच्या डहाळ्या, पाडव्याचा कडुनिंब, तुळशीच्या लग्नाचे ऊस, नवरात्रातल्या घटाची माती आणि कोंब. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटलं जातं आणि रात्री घरोघरी ताटात, खिशात, देव्हाऱ्यापुढं आपट्याची पानं साठतात. दुसऱ्या दिवशी ती झाडून कुठं टाकायची हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. ज्याला काल सोनं म्हणून मोठ्यांच्या हातात ठेवलं, पाया पडलो, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देववत नाही. ते आता जाळीच्या ढिगात जातं आणि वर्षभरात तुळशीच्या मुळाशी येतं. निर्माल्यही तसंच, फक्त हारातला नायलॉनचा दोरा आधी ओढून काढायचा. झेंडूच्या हारात तो दिसत नाही, फुलं चुरगाळून बोटांनी शोधावा लागतो. मागच्या गणपतीत एका घरच्या निर्माल्यातून मी मूठभर दोरा काढला.

आणि नाला. छाटणी करून देणारा एक माणूस आमच्याकडं यायचा, फांद्या "लांब टाकून येतो" म्हणून घेऊन जायचा, आणि मी पैसे द्यायची. एकदा मागोमाग गेले तर तो फांद्या ओढ्यात लोटत होता. आपल्या शहरातलं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं, आणि पावसाळ्यात आम्ही सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत बसतो, एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. पुलाच्या मोरीत अडकलेली एक बोगनवेल काय करते ते खालच्या अंगाला राहणाऱ्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून फांद्या कुठं जातात हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही.

आज बोगनवेल छाटून झाली. चार मोळ्या झाल्या, पैकी एक जरा जाड वाटली म्हणून सोडून तिच्या दोन केल्या, म्हणजे पाच. लाल चिंध्या जुन्या ब्लाउजच्या अस्तरातून फाडल्या. फांद्यांची गाडी उद्या सकाळी येणार आहे आणि ताईंना मी काल सांगून ठेवलं आहे की पाच काट्याच्या मोळ्या असतील. त्यांनी विचारलं, "वैनी, पोतं न्हाई ना?" नाही म्हटलं. हे लिहिता लिहिता बाहेर अंधारून आलंय, वळीव येणार असं दिसतंय आणि आंब्याच्या पाल्याची तीन पोती अजून अंगणात आहेत. ती आधी पडवीत घ्यायला हवीत.